पाचगणी टेबल लँडची घोडेसवारी आणि बग्गी: मजा आहे, पण भाव आधी ठरवा

आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे पाचगणी म्हणजे वाईवरून पसरणी घाट चढला की आलंच. पण घोड्यासाठी म्हणून मुद्दाम कोण जातंय. यावेळी नणंदेची पोरं आलेली पुण्याहून, त्यांचं एकच चालू होतं घोडा घोडा, मग गेलो. घोडा आणि बग्गी दोन्ही केलं म्हणून दोन्हीचं लिहिते.

जागेबद्दल बोलायलाच नको. जांभ्या दगडाचं सपाट पठार, खड्डेखुड्डे कमी, नवशिक्याला घोड्यावर बसायला याहून बरी जागा आपल्या जिल्ह्यात नाही. फक्त लाल धूळ मरणाची उडते, पांढरे कपडे घालून जाऊ नका.

आता मेन मुद्दा. घोडा आपल्या पसंतीचा मिळत नाही! आम्ही गेलो त्या घोडेवाल्यांकडे नंबर लावलेले असतात. भाचीला पांढराच पाहिजे होता आणि चाचा म्हणाले "ताई, त्याचा नंबर झाला, आता हा जाणार", आणि पुढं आणला एक तपकिरी, जरा पोट सुटलेला. पोरीनं भोकाड पसरलं. मी म्हटलं पैसे आम्ही देतोय ना? तर चाचा एकदम शांत, म्हणे पांढरा फोटोत भारी दिसतो म्हणून सगळ्यांना तोच लागतो, दिवसभर तोच पळवला तर संध्याकाळी उभा पण राहणार नाही.

यावरून आमच्या ह्यांनी तिथंच हॉब्सनची गोष्ट सुरू केली (इतिहासाचे मास्तर, काय करणार). इंग्लंडात केंब्रिजला थॉमस हॉब्सन म्हणून एक जण होता, १६३१ साली वारला, कॉलेजच्या पोरांना घोडे भाड्यानं द्यायचा. पोरं सारखी पळणारे घोडेच मागायची आणि दमवून आणायची, म्हणून यानं नियमच केला की दाराजवळ जो उभा असेल तोच घ्या, नाहीतर चालू लागा. असल्या भाड्याच्या तबेल्याला तिकडं लिव्हरी स्टेबल म्हणतात, आणि लिव्हरी म्हणजे मुळात मालकानं नोकराचाकरांना द्यायचं ते, शिधा, कपडे, घोड्याची चंदी म्हणजे दाणासुद्धा. पुढं नोकरांच्या गणवेशालाही तेच नाव पडलं. असो. नियम घोड्याच्या भल्याचा आहे हे पटलं मला, पण मग तसं बोर्डावर लिहा ना बाबा, गिऱ्हाइकाला पैसे दिल्यावर का सांगता?

घोड्यांची तब्येत मात्र बघण्यासारखी. चाचांनी प्रत्येक फेरीआधी तंग (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा) ओढून बघितला, रिकीब (पाय ठेवायची कडी) पोराच्या पायाला येईल अशी वर घेतली. खोगिराखालचं कांबळं उचलून दाखवा म्हटलं तर लगेच उचललं, पाठीवर एक जखम नाही. बाजूला एक घोडा तोबऱ्यात (तोंडाला बांधलेल्या पिशवीत) तोंड घालून भिजवलेले हरभरे खात होता कुरूमकुरूम. तुम्ही पण हे बघूनच बसा. घोडा लंगडत असेल, तंगाजवळ सोललेलं असेल तर नाही म्हणायचं सरळ. ओझं वाहणाऱ्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत केंद्राचे, दिवसात ९ तासांच्या वर काम नाही आणि सलग ५ तासांच्या वर जुंपायचं नाही. किती जण पाळतात देव जाणे.

भावाचं म्हणाल तर बोर्डावरचा रेट फक्त छोट्या राउंडचा. पॉइंटपर्यंत नेतो, दौडवतो असं करत करत आकडा वाढत जातो. कुठून कुठपर्यंत, पोराबरोबर माणूस लगाम धरून चालणार का, हे बसायच्या आधी बोलून घ्या. आम्हाला सांगितले आठशे, ठरले पाचशेला.

बग्गीनं मात्र निराशा केली. लाल रेक्झिन, प्लॅस्टिकची फुलं, वर झालर, सगळं झकपक, पण स्प्रिंगा मेलेल्या. सासूबाईंचं कंबरडं मोडायचं बाकी होतं. घोडा बिचारा शहाणा, झापडं लावलेली तरी वळण आपलं आपण घेत होता, हाकणारा मोबाइलवर. गुडघे दुखतात, एवढं पठार चालवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी ठीक, बाकीच्यांनी पैसे घालवू नका.

घोडेसवारीला पाचपैकी चार, बग्गीला दोन, ते पण घोड्याकडं बघून. सकाळी लवकर जा, शनिवार-रविवार टाळा, आणि कॅश ठेवा जवळ कारण वर यूपीआय मधेच अडकतं.