'गरम चमक' आणि मी: पाळी जातानाच्या एका ॲपचा १४ महिन्यांचा अनुभव

पहिले बारा दिवस मी या ॲपला सगळं चुकीचं सांगत होते. रोज एक प्रश्न यायचा, 'आज तुम्हाला किती वेळा गरम चमक आली?' आता आमच्या परभणीकडं चमक म्हणजे पाठीत निघते ती. मी एसटीत कंडक्टर, १८ वर्षं झाली. जिंतूरच्या दोन फेऱ्या मारल्या की पाठीत चमक निघणारच. मी इमानदारीत भरत गेले. आज चार, आज सहा. तेराव्या दिवशी पुण्याहून लेक आली, तिनं ते पाहिलं आणि हसून हसून पलंगावर आडवी झाली. "आई, हॉट फ्लॅश गं! अंगातून वाफा निघतात ते!"

तर अशी या ॲपची मराठी. 'मेंदूतील धुके' पण आहे. ते म्हणजे सुटे पैसे हातात धरून, आपण कुणाला द्यायला निघालो होतो हे विसरणं.

ॲपचं नाव लिहीत नाही. एक तर अशी बरीच आहेत आणि लेकीनं दोन-तीन दाखवली, ती आतून जवळपास सारखीच होती. दुसरं, त्याला तीन तारे दिले असले तरी खाली मी त्याच्या कागाळ्याही करणार आहे.

मी ४७ वर्षांची. गेल्या वर्षी एप्रिलात ॲप घेतलं, कारण पाळीचं गणित पार बिघडलं होतं. आत्याबाई म्हणायच्या, "जायलीय आता, जाऊ दे की." पण जाताना ती सरळ जात नाही ना! ॲपनं मला सगळ्यात आधी दाखवलं ते हेच. कॅलेंडरवर तांबडे ठिपके टाकत गेले, तर दोन पाळ्यांमधलं अंतर निघालं १९ दिवस, मग ५२, मग ७१. डोक्यात मला वाटत होतं 'जरा मागंपुढं होतंय'. डोक्यातला हिशोब आणि लिहिलेला हिशोब यातला फरक कंडक्टरला कुणी शिकवायला नको.

मग सप्टेंबरपासून बंद. ॲपमध्ये एक गोल आहे, तो महिन्या-महिन्यानं भरत जातो. लागोपाठ १२ महिने पाळी आली नाही तर पाळी गेली असं डॉक्टर धरतात, त्याच्या आधी नाही. माझे सात महिने भरले. आठव्यात एका रात्री अंगावरून गेलं आणि गोल रिकामा. रडू आलं, खोटं कशाला सांगू. तिथं खाली एक ओळ होती, ती मात्र चांगली होती: असं होतं, मोजणी पुन्हा सुरू, पण १२ महिने पूर्ण झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरकडं जाच. आमच्या गल्लीत 'परत आली म्हणजे अजून तरणी हाय' म्हणून हसण्यावारी नेतात. ही ओळ मी चार जणींना तरी वाचून दाखवली असेल.

महिन्यातून एकदा ११ प्रश्नांची यादी भरायची. वाफा, छातीत धडधड, झोप, सांधे, उदासी, चिडचिड, घोर, थकवा, लघवीचा त्रास, कोरडेपणा, नवरा-बायकोचं. प्रत्येकाला ० ते ४, सगळे मिळून ४४. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की ही यादी १९९० च्या दशकात जर्मनीत तयार झाली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे असं खरं व्हायचं होतं! माझी पहिली बेरीज २३ आली. आता १४ वर आहे. ॲपमुळं कमी झाली असं समजू नका, ते पुढं सांगते.

वाफांचं सांगायचं तर मे महिन्यात हे ॲप परभणीत कुचकामी आहे. बाहेर ४३ अंश, गाडीचा पत्रा तापलेला, इंजिनाची धग, त्यात उभ्यानं पन्नास माणसं. ॲप विचारतंय, आज घाम आला का? अगं बाई, डायव्हरकाकांना पण आलाय! महिनाभर मी अंदाजानंच आकडे टाकले. खरा उलगडा झाला जानेवारीत. कृषी विद्यापीठात पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या होत्या. सकाळची पहिली गाडी, स्वेटर, कानाला स्कार्फ. झरीच्या पुढं छातीतून काहीतरी वर चढलं, मान, कान, तोंड लाल. स्वेटर काढला, तिकिटाचं मशीन बगलेत धरून खिडकी उघडली. मागची आजी ओरडली, "ओ मॅडम, मारता का थंडीनं!" तीन-चार मिनिटांत सगळं ओसरलं आणि मग मलाच हुडहुडी. ही ती 'गरम चमक'. त्या महिन्यात मोजल्या, दिवसाला सात ते नऊ.

ॲपमधल्या लेखात कारण दिलंय, ते मला पटलं. अंगातलं इस्ट्रोजेन कमी-जास्त होऊ लागलं की मेंदूतली तापमान सांभाळणारी जागा फार हळवी होते. थोडी ऊब वाढली तरी तिला वाटतं अंग तापलं, आणि ती घाम सोडते. डायव्हरकाकांना बसच्या भाषेत सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजी सेन्सर बिघडलाय, इंजिन चांगलं हाय." नवऱ्याला तीन महिन्यांत जे कळलं नाही ते त्यांना एका वाक्यात कळलं.

आता कागाळ्या. पावलं मोजणारी सोय आहे, ती बंदच करून टाका. फोन माझ्या शर्टाच्या खिशात आणि गाडी खड्ड्यातून. एका दिवसात १९ हजार पावलं दाखवली आणि 'शाब्बास!' म्हणून फुलं उडवली. खाण्याच्या यादीत ॲव्होकॅडो आहे, टोफू आहे, ज्वारीची भाकरी नाही. तिळाची चटणी नाही, करडईचं तेल नाही. शोधात 'भाकरी' टाकलं तर 'ब्रेड' येतो. पाळी गेल्यावर हाडं झिजतात म्हणून कॅल्शियम घ्या असं रोज बजावायचं, आणि ज्या तिळात ते असतं तो तीळच यादीत ठेवायचा नाही. रोज रात्री विचारतं, वाइन किती घेतली? हे मी आत्याबाईंना वाचून दाखवलेलं नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट सूचनांची. फोन आगारात कंट्रोलरसाहेबांच्या टेबलावर चार्जिंगला लावला होता आणि मी हिशोब भरत होते. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, तुमच्या फोनवर काहीतरी आलंय." काय आलं होतं? यादीतला अकरावा प्रश्न, मोठ्या अक्षरात, बंद स्क्रीनवर. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्यासमोर गेले नाही. तेव्हा ॲप घेतल्या घेतल्या पहिलं काम हे करा: फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद स्क्रीनवर सूचनेचा मजकूर दिसणार नाही असं करा. ॲप हे आपण होऊन सांगत नाही. आणि खरं नाव घालू नका. २०२१ मध्ये अमेरिकेत पाळीच्या एका मोठ्या ॲपवर बायकांची माहिती जाहिरातवाल्या कंपन्यांना दिल्यावरून सरकारी कारवाई झाली होती, असं लेकीनं सांगितलं. माझ्या खात्याचं नाव 'जिंतूर जलद' आहे.

पैशाचं: साधं फुकट आहे, 'प्रीमियम' महिन्याला २९९ रुपये. एक महिना घेतलं, त्यात 'तज्ज्ञांशी गप्पा' म्हणून जे होतं ते मशीनच बोलत होतं. बंद केलं असं मला वाटलं, पण ॲप काढून टाकून वर्गणी थांबत नाही. दुसऱ्या महिन्यात परत २९९ गेले. ज्या यूपीआयवरून पैसे भरता तिथं ऑटोपेमध्ये जाऊन रद्द करावं लागतं.

मग तीन तारे कशाला दिले? त्या दोन पानांच्या रिपोर्टसाठी. ॲप आतापर्यंतचा सगळा हिशोब पीडीएफ करून देतं, झेरॉक्सच्या दुकानात दहा रुपयांत निघतो. तो घेऊन मी ऑक्टोबरात इथल्या एका डॉक्टरबाईंकडं गेले. आधी दोनदा गेले होते तेव्हा 'त्रास काय होतो' म्हटल्यावर माझ्या तोंडून 'अशक्तपणा' एवढंच निघायचं. बाहेर पंधरा जणी बसलेल्या, आत दाराशी नवरा. या वेळी कागद पुढं ठेवला. त्यांनी एक मिनिट पाहिला आणि थेट विचारलं, "एप्रिल ते ऑगस्ट अंगावरून इतकं जात होतं?" ४५ च्या पुढं अशी लक्षणं असली तर हार्मोनच्या महागड्या तपासणीची गरज बहुधा नसते, असं त्या म्हणाल्या. सोनोग्राफी केली, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं. थायरॉइड बरं होतं. हिमोग्लोबिन ८.६.

म्हणजे ज्या थकव्याला मी दर महिन्याला ४ गुण देत होते आणि ॲप ज्याला 'हार्मोनल बदल' म्हणून समजूत घालत होतं, तो निम्मा तर रक्त कमी असल्याचा होता. धाप, धडधड, तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आपल्याकडचं ॲप असेल तर पहिल्या पानावर 'रक्त तपासलं का' हे नको? लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि २३ चे १४ झाले. वाफा आहेतच. हार्मोनच्या गोळ्यांचं डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, बीपी किती, सगळं विचारलं. मी अजून ठरवलेलं नाही.

एक प्रसंग राहिला. अर्धं तिकीट सुरू झाल्यापासून गाडीत बाया जास्त, आणि पोखर्णी फाटा येईपर्यंत गप्पा रंगतातच. परळीच्या गाडीत गंगाखेडला एक बाई चढली, ऊसतोडीला जाणारी. मला वाफ आली तशी तिनं स्वतःच्या पदरानं वारा घातला. "मला बी व्हतंय की ओ, धा वर्सं झाली." वय विचारलं तर चाळीसच्या आतलं. गर्भाची पिशवी काढलेली. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांचं हे प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांची समिती बसली, ८२ हजारांवर बायांच्या पाहणीत १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. ही त्यातली असेल, नसेल.

तिच्यासाठी म्हणून मी ॲपमध्ये नवं खातं उघडून पाहिलं. 'शेवटची पाळी कधी?' तारीख टाकल्याशिवाय पुढं जात नाही. खाली एक बारीक पर्याय सापडला, शस्त्रक्रिया. मग प्रश्न, 'अंडाशय काढले आहेत का? होय / नाही.' प्रश्न बरोबरच आहे. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते पण अंडाशय काम करत राहतात, तेही काढले तर सगळं एकदम अंगावर येतं. मी विचारलं. ती म्हणाली, "काय काढलं न् काय ठिवलं, मला काय ठावं? चिठ्ठी बी नाही."

'माहीत नाही' असं बटणच नव्हतं. घरी आल्यावर ॲपवाल्यांना मेल लिहिली, लेकीकडून इंग्रजी करून घेतलं, की एवढं एक बटण टाका. 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' असं उत्तर लगेच आलं. दोन महिन्यांनी नवीन अपडेट आला. त्यात गोलाचा रंग गुलाबीचा जांभळा केलाय.