आठ महिने सुया आणि चिनी औषधं: सिंगापूरमधला माझा अनुभव

माझं वय ३५. पीसीओडी (बीज वेळेवर न सुटण्याची, पाळी लांबण्याची तक्रार) कॉलेजपासून, लग्नाला सहा वर्षं, बाळासाठी प्रयत्न अडीच वर्षं. गेले आठ महिने मी इथे सिंगापूरमध्ये चिनी औषधं आणि ॲक्युपंक्चर घेते आहे. लिफ्टमध्ये, मंडळाच्या हळदीकुंकवाला, रात्री उशिरा फोनवर इतक्या जणींनी हळूच विचारलं, "उपयोग होतो का गं?" म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, मला अजून दिवस राहिलेले नाहीत. तेवढंच जाणून घ्यायचं असेल तर उत्तर मिळालं. पण या आठ महिन्यांत मला काय मिळालं आणि कुठे वेळ गेला, ते कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं.

पहिला दीड महिना फुकट गेला. मैत्रिणीने सांगितलेल्या एका ठिकाणी गेले. तिथे पाच मिनिटं नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि वीस वेळांचं पॅकेज आगाऊ भरायला लावलं. पुड्यांवर काहीही लिहिलेलं नव्हतं. आत काय आहे विचारलं तर "सगळं नैसर्गिक" एवढंच उत्तर. सहाव्या भेटीत गोळ्या बंद करा, शरीर स्वच्छ होऊ दे, असं सांगितलं आणि मी पीसीओडीसाठीची माझी मेटफॉर्मिनची गोळी खरंच तीन आठवडे बंद केली. आजही त्याचा मला राग येतो. गरजू बाईला काहीही पटतं, आणि हे त्या काउंटरपलीकडच्या माणसाला ठाऊक असतं.

मग जरा शोध घेतला. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यकासाठी २००० सालचा कायदा आहे. त्याखाली मंडळ आहे, नोंदणी सक्तीची आहे, आणि कुणाचंही नाव त्यांच्या यादीत ऑनलाइन शोधता येतं. इथे या लोकांना डॉक्टर म्हणत नाहीत, फिजिशियन म्हणतात. जुनी माणसं होक्किएन या चिनी बोलीतला शब्द वापरतात, सिनसे. यादीत नाव पाहूनच मी तोआ पायोह भागातल्या एका साध्या दवाखान्यात साठीच्या बाईंकडे गेले. मी त्यांना सिनसेबाई म्हणते.

पहिल्या भेटीला त्यांनी पाऊण तास घेतला. पाळी किती दिवसांनी, रक्ताचा रंग कसा, गाठी पडतात का, पाय गार असतात का, रात्री किती वाजता जाग येते, जेवल्यावर पोट फुगतं का, शेवटचं मनसोक्त रडले कधी. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नुसतं बसल्या. आजोळी वैद्यबुवा अशीच तीन बोटं ठेवायचे, म्हणून मला ते परकं वाटलं नाही. फक्त इथे वात-पित्त-कफ नाही. एकेका बोटाखाली वेगवेगळ्या अवयवांची ताकद वाचतात. कुठून आलीस विचारलं. भारत, महाराष्ट्र, सोलापूर म्हटलं. सोलापूरवर त्या थांबल्या. "के दिहुआ?" म्हणाल्या. आपल्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव! १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले, १९४२ मध्ये तिथेच वारलेले, आणि समाधी हबेई प्रांतातल्या शिज्याच्वांगला. सिनसेबाई मूळच्या त्याच प्रांतातल्या, शाळेत असताना तिथे फुलं वाहायला गेलेल्या. कोटणीसांच्याच पथकातल्या डॉक्टर बसूंनी पुढे ॲक्युपंक्चर भारतात आणलं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच वाटलं की आपण अगदीच अनोळखी दारात आलेलो नाही.

निदान झालं "किडनी कमजोर, रक्त साचलेलं". घरी फोनवर सांगितलं तर आई घाबरली. "किडनी? अगं, क्रिएटिनिन केलंस का?" पुढच्या वेळी मी विचारलं. त्यांच्या शास्त्रात ज्याला "शेन" म्हणतात त्यात वाढ, प्रजनन, हाडं, म्हातारपण असं सगळं येतं. लघवी गाळणारी किडनी वेगळी. कुणी असं निदान सांगितलं तर घाबरू नका, आणि तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टशी त्याची सांगडही घालू नका.

आता सुयांबद्दल, कारण हाच प्रश्न सगळ्या जणी सर्वात आधी विचारतात. सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनच्या सुईहून कितीतरी बारीक. प्रत्येक वेळी नवी, सीलबंद पाकिटातली. पाकीट समोर फोडलं नाही तर उठून या. प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून टिचकी मारून ती आत जाते, तेव्हा जवळजवळ काहीच कळत नाही. कळतं ते त्यानंतर. सुई किंचित फिरवली की आत एक जड, बोथट ठणका पसरतो, दात दुखायच्या आधी हिरडीत जे जाणवतं तसा. त्याला त्या "द-ची" म्हणतात आणि तो आला की मान डोलावतात. माझ्या नेहमीच्या जागा म्हणजे बेंबीखाली चार बोटांवर, ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेर, आणि आतल्या घोट्यावर चार बोटं सोडून सानयिनज्याओ. दिवस राहिल्याची शंका आली की ही घोट्यावरची जागा परंपरेने टाळतात, त्यामुळे दर भेटीला पहिला प्रश्न तारखेचाच. पोटावरच्या सुयांना कधीकधी बारीक चिमटे लावून वीज सोडतात, तेव्हा स्नायू घड्याळासारखा टकटक उडतो. वर लाल उष्णतेचा दिवा. अर्धा तास तसंच पडून राहायचं. तिसऱ्या भेटीपासून मला तिथे झोप लागायला लागली, आणि दोनएक महिन्यांनी घरीही लागायला लागली. याआधी रोज तीनला जाग यायची.

रिकाम्या पोटी जाऊ नका. मी एकदा ऑफिसमधून तशीच गेले आणि घेरी आली. घोट्यावर दोनदा काळंनिळं झालं, आठवड्यात गेलं.

थंडगार पावसाळी दिवशी त्या मोक्सा करतात. वाळवलेल्या पानांची विडी पेटवून त्वचेजवळ धरायची, टेकवायची नाही. त्यांनी एकदा ती कोरडी पानं, आय-ये, माझ्या हातावर चुरडली. वास घेतला आणि मला जोतिबाचा चैत्र आठवला. आपला दवणा आणि ही पानं दोन्ही आर्टेमिसियाच. धूर मात्र अगदी वेगळा, उग्र. केसांतून दोन दिवस जात नाही.

औषधाची पूड कोमट पाण्यात ढवळून सकाळ-संध्याकाळ. मुळात "सी वू थांग", म्हणजे चार पदार्थांचा काढा. दांग ग्वेइ, शू दी ह्वांग, छ्वान श्युंग, बाय शाओ. चिनी बायका पाळीच्या तक्रारींसाठी सुंग राजवटीपासून हा घेत आल्या आहेत. पाळी संपल्यावर त्यात अमरवेलीच्या जातीचं बी वाढायचं, बीज सुटल्यानंतर प्रमाण बदलायचं. चव कडू-गोडसर, जुन्या लाकडी कपाटात ओली माती ठेवल्यासारखी. सवय व्हायला महिना लागला. बर्फाचं पाणी बंद, पायात मोजे, लाल खजूर आणि गोजीचा चहा. बाळंतिणीला डिंक-आळीव देणारी, थंड फरशीवर पाय ठेवू न देणारी माझी आजी आणि या बाई पाच मिनिटांत मैत्रिणी झाल्या असत्या.

इथली माझी स्त्रीरोगतज्ज्ञ मला बरोबर भेटली, आणि हे मी भाग्य समजते. तिने सुयांना हरकत घेतली नाही. औषधांची मात्र लेखी यादी मागितली, कारण दांग ग्वेइसारख्या वनस्पतींचा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी संबंध येतो. सिनसेबाईंनी चिनी आणि लॅटिन दोन्ही नावं लिहून दिली. दर दोन महिन्यांनी लिव्हरची तपासणी. मेटफॉर्मिन पुन्हा सुरू.

आणि तिनेच पहिल्याच भेटीत विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठे आहे?" रिपोर्ट नव्हताच. अडीच वर्षांत भारतातल्या डॉक्टरांनी, त्या पहिल्या चिनी दवाखान्याने, सासूबाईंनी, माझ्या आईने, कुणीही नवऱ्याची तपासणी करा म्हटलं नव्हतं. सुया मला, काढे मला, उपास मला. तपासणी केली तेव्हा शुक्राणूंची हालचाल कमी निघाली. तो त्या रात्री जेवला नाही. मला दुःख झालं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच छातीवरचं काहीतरी उतरलं. बायांनो, हे पहिल्या महिन्यात करा. साधी, स्वस्त तपासणी आहे.

चौथ्या महिन्यात मी स्त्रीरोगतज्ज्ञेला थेट विचारलं, या सुयांनी मूल होईल का? तिने दोन अभ्यास दाखवले. एक चीनमधल्या २१ केंद्रांत पीसीओएसच्या (म्हणजे पीसीओडीच्याच) १००० बायकांवर झालेला, २०१७ सालचा. बीज सुटण्यासाठीच्या क्लोमिफीन गोळीबरोबर खऱ्या सुया घेतल्यावर मूल झालं २९.४ टक्के बायकांना, गोळीबरोबर नावापुरत्या सुया घेतल्यावर २८ टक्के. म्हणजे काम गोळीचं. दुसरा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला, २०१८ सालचा, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) घेणाऱ्या ८४८ बायकांचा. खऱ्या सुयांनी १८.३ टक्के, खोट्या सुयांनी १७.८. मी घरी जाऊन खूप रडले. दुसऱ्या दिवशी तोच कागद सिनसेबाईंसमोर ठेवला. त्यांनी पूर्ण वाचला, वाद घातला नाही. म्हणाल्या, मूल देते असं मी तुला कधी म्हटलं? झोप, पाळी, पोट, एवढ्याचं मी पाहते. म्हणूनच मी तिथे जात राहिले.

पाळीचं सांगते. आधी ५० ते ७० दिवस. सिनसेबाईंकडे सुरू केल्यावर ५२, मग ३८, मग ३६. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तापमान घेऊन वहीत लिहायचं, हा त्यांचा नियम. बीज सुटलं की ते थोडं चढतं. तिसऱ्या चक्रात रेघ ३६.३ वरून ३६.७ अंश सेल्सिअसला चढली आणि बारा दिवस तिथेच राहिली. ती वही मी स्वयंपाकघरात उभी राहून दहादा पाहिली. इतक्या वर्षांत माझ्या शरीरात बीज सुटल्याचं मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते. पण याच काळात मी रोज पाऊण तास चालत होते, ७४ किलोवरून ६९.५ वर आले होते, मेटफॉर्मिन चालू होती. पीसीओडीत एवढं वजन उतरल्यानेही पाळी सुधारते. श्रेय कुणाचं, हे वाटून देता येत नाही मला. त्यानंतर बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या देऊन दोनदा आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) झालं. दोन्ही वेळा पाळी आली.

खर्च एका वेळेचा सुयांसाठी साधारण ७० सिंगापूर डॉलर, औषध वेगळं. आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा. विम्यातून मला काही मिळालं नाही. आयव्हीएफसाठी पैसे साठवणाऱ्या जोडप्याला ही रक्कम लहान नाही. पैसे एकाच ठिकाणी पुरणार असतील तर आधी दोघांच्या तपासण्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, मग उरलं तर सुया. आणि तुम्ही पस्तिशीच्या पुढे असाल तर सहा महिन्यांहून जास्त नुसत्या काढ्यांवर थांबू नका. ते महिने परत मिळत नाहीत.

पुढच्या आठवड्यात आमचं आयव्हीएफ सुरू होतंय. औषधाची पूड डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद केली. उरलेली अकरा पाकिटं मी सिनसेबाईंना परत द्यायला गेले तर त्यांनी ती घेतली आणि त्याऐवजी लाल खजुरांची पिशवी हातात दिली. सुया चालू ठेवायला डॉक्टरची हरकत नाही. मंगळवारची साडेसहाची वेळ मी तशीच ठेवली आहे, कारण आठवड्यातला तो अर्धा तास मला कुणी "काय मग, कधी?" असं विचारत नाही.