इम्युनिटी पॅकेज घेतलं: रक्त काढणाऱ्या पोराला ५ स्टार, स्कोअरला १

आधी स्टारचं सांगून टाकतो. सकाळी घरी रक्त घ्यायला आलेल्या पोराला ५, रिपोर्टच्या पीडीएफला २, आणि पहिल्याच पानावर रंगीत गोल काढून आत जो 'इम्युनिटी स्कोअर' छापलाय त्याला १, कारण शून्य द्यायची सोय नाही. लॅबचं नाव लिहीत नाय, उगाच त्यांचा माणूस फोन करत बसेल, आणि असली पॅकेजं आता बऱ्याच जणांकडे मिळतात.

झालं असं, यंदा गणपती बसले आणि मी झोपलो. डेंग्यू. आमच्या नाशिकच्या सिडकोत तेव्हा गल्लीत दोन-तीन घरं सोडून एक पेशंट होता. प्लेटलेट ५८ हजारांवर आल्या आणि घरात पपईच्या पानाचा रस, किवी, पंचवटीतून आणलेलं शेळीचं दूध असा सगळा कार्यक्रम सुरू झाला. ताप उतरला, दोन-तीन दिवसांनी प्लेटलेट आपोआप चढल्या, श्रेय किवीला गेलं. पण अंग महिनाभर दुखत होतं, जिना चढला की गुडघे बोलायचे. त्यात दिवाळीला व्हॉट्सॅपवर मेसेज, ४,२०० चं इम्युनिटी पॅकेज १,७९९ ला, 'तुमची इम्युनिटी किती टक्के आहे ते जाणून घ्या'. टक्के म्हटलं की मी फसतो, मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर आकडेच बघतो.

रविवार सकाळी साडेसहाचा स्लॉट घेतला, पोरगं सहा पंचवीसला खाली हजर, नोव्हेंबरची थंडी, हेल्मेटच्या आत माकडटोपी. आल्यावर आधी हात धुतले, नवीन ग्लोव्ह्ज फोडले, नाव आणि जन्मतारीख मला बोलायला लावली (स्वतः वाचून 'बरोबर ना' असं विचारलं नाही, हे महत्त्वाचं). एका टोचणीत शीर. जांभळ्या टोपणाची ट्यूब भरल्यावर गदागदा हलवली नाही, हळूहळू आठ-दहा वेळा उलटी-सुलटी केली, मी विचारलं तर म्हणाला काका जोरात हलवली तर पेशी फुटतात आणि नाही मिसळली तर गुठळी होते, मग काऊंट चुकतो. माझ्यासमोर लेबलं लावली, आईसबॉक्समध्ये ठेवलं, गेला. आमच्या कंपनीत इतकं शिस्तीत सॅम्पलिंग करणारा ट्रेनी मिळाला तर मी त्याला सोडणार नाही. बारा तास उपाशी होतो म्हणून तो गेल्या गेल्या मिसळ हाणली, त्याचा रिव्ह्यू वेगळा लिहीन.

आता रिपोर्ट. २४ तास म्हणाले होते, तिसऱ्या दिवशी आला. स्कोअर ५८, गोल केशरी रंगाचा, खाली 'तुमच्या संरक्षण यंत्रणेला आधाराची गरज आहे' आणि त्याखाली क्यूआर कोड, स्कॅन केला की गमीज, म्हणजे इम्युनिटीच्या नावाने विकायच्या चघळायच्या गोळ्या. पीडीएफ वर-खाली केली तर माझं वय १४ लिहिलेलं. आहे ४१. म्हणजे सगळ्या नॉर्मल रेंजा चौदा वर्षांच्या पोराच्या लावलेल्या. फोन केला, सॉरी सर म्हणाले, तासाभरात नवीन पीडीएफ. स्कोअर ७१! गोल पोपटी.

बघा आता. रक्त तेच, मशीन तेच, आत एक आकडासुद्धा हलला नाही, कोणीतरी कीबोर्डवर १४ चं ४१ केलं आणि माझी इम्युनिटी १३ मार्कांनी वाढली. आमच्याकडे पार्ट तोच आणि रीडिंग वेगळं आलं तर पहिलं काय करतो, मापायचं गेज बाजूला काढून ठेवतो. त्यांना विचारलं हा स्कोअर कसा काढता, कोणत्या टेस्टला किती वेटेज, तर म्हणे अल्गोरिदम आहे सर.

मग भाचीला फोन लावला, ती मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय. तिला पीडीएफ पाठवली तर पाच मिनिटं नुसती हसत होती. म्हणाली मामा, यात सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी आहे, सूज दाखवणारे सीआरपी, ईएसआर, व्हिटॅमिन डी, बी१२, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, आयजीई नावाची अँटिबॉडी आहे, टेस्ट सगळ्या खऱ्या आहेत पण यांची बेरीज करून इम्युनिटी निघत नाही. लिम्फोसाईट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ३१ टक्के लिहिलंय, पण त्या ३१ मध्ये टी पेशी, बी पेशी, एनके पेशी सगळ्यांची खिचडी आहे. त्या वेगळ्या मोजायच्या तर फ्लो सायटोमेट्री लागते (लेझरने एकेक पेशी ओळखून मोजायची), एचआयव्हीच्या पेशंटच्या सीडी४ नावाच्या टी पेशी मोजतात तशी, आणि ती या पॅकेजात नाही. वर शरीरातल्या एकूण लिम्फोसाईटपैकी रक्तात एका वेळी साधारण २ टक्केच असतात, बाकीच्या गाठींमध्ये, प्लीहेत, आतड्यात, मज्जेत. हे मला लगेच पटलं. दुपारी तीन वाजता त्र्यंबक रोडवर उभं राहून डोकी मोजायची आणि सातपूरच्या कंपन्यांत शिफ्टला किती कामगार आहेत ते सांगायचं, तसलं काम.

आणि नुसती डोकी मोजून तरी काय? तिने मला एक गोष्ट सांगितली ती इथे लिहायलाच पाहिजे कारण ती आपल्याच डेंग्यूची आहे. दिल्लीच्या आयसीजीईबी संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातल्या लोकांनी भारतातल्या डेंग्यूच्या पेशंटच्या सीडी८ टी पेशी तपासल्या, २०१६ साली छापून आलं. सीडी८ म्हणजे व्हायरस शिरलेल्या पेशी शोधून मारणाऱ्या. तापात या पेशी प्रचंड वाढलेल्या दिसल्या, कामाला लागल्याच्या खुणाही अंगावर होत्या, पण डेंग्यूचे तुकडे समोर ठेवल्यावर त्यातल्या थोड्याच पेशींनी इंटरफेरॉन गॅमा, म्हणजे व्हायरसशी लढायचा सिग्नल, बनवलं. म्हणजे हजेरीपटावर सगळे, मशीनवर मोजके. आता ते बरोबर की चूक तेही लगेच ठरवता येत नाही, कारण सगळ्यांनी एकदम इंटरफेरॉन सोडलं तर पेशंटचंच नुकसान व्हायची शक्यता. हे असलं स्कोअरमध्ये कुठं बसवणार राव.

मी मग सप्टेंबरचे जुने कागद काढले. आमच्या कोपऱ्यावरच्या छोट्या लॅबची सीबीसी, २५० रुपयांची, खाली पॅथॉलॉजिस्टने पेनाने लिहिलेलं, 'रिॲक्टिव्ह लिम्फोसाईट दिसतात'. तेव्हा मी लक्षच दिलं नव्हतं, सगळं घर प्लेटलेटवर डोळे लावून बसलेलं. भाची म्हणाली हेच तर, चेतलेल्या लिम्फोसाईट मोठ्या होतात, आकार वेडावाकडा होतो, आणि कोणीतरी काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरून डोळ्यांनी पाहिल्या म्हणून लिहिलं. १,७९९ च्या पॅकेजपेक्षा त्या एका ओळीत माझ्या पेशींबद्दल जास्त माहिती होती.

मला खरी भीती होती ती पुढच्या डेंग्यूची, पॅकेज मी त्यासाठीच घेतलं होतं. डेंग्यूचे चार प्रकार असतात. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण पुढच्या वेळी दुसरा प्रकार आला तर आजार जास्त बिघडू शकतो. कारण आधीच्या अँटिबॉडी नवीन व्हायरसला चिकटतात पण त्याला निकामी करत नाहीत, आणि मोनोसाईट-मॅक्रोफेज या पेशी अँटिबॉडी चिकटलेली वस्तू दिसली की आत ओढून घेतात, तेच त्यांचं काम. व्हायरसला फुकटची लिफ्ट. जो गार्ड चोराला पकडायला ठेवला त्यानेच गेटपास करून दिला. हे कळल्यावर मी 'बूस्ट' शब्दाकडे जरा संशयाने बघायला लागलो. पॅकेजात डेंग्यूबद्दल अक्षर नाही.

तेवढ्यात लॅबच्या मुलीचा 'रिपोर्ट समजावण्याचा' फोन. माझं आयजीई ४१२, बाजूला लाल अक्षरात हाय. मी म्हटलं हे काय, तर म्हणे जास्त आहे म्हणजे चांगलंच ना सर, अँटिबॉडी आहे ती. अहो बाई, मी रोज सकाळी उठून अकरा शिंका देतो, रस्ते खोदून ठेवलेत, धुळीत ये-जा करतो, ही ॲलर्जीची अँटिबॉडी आहे, धुळीला शत्रू समजून बसलीय! वर फॅमिली पॅक सुचवला, घरात सिनियर सिटीझन असेल तर बूस्टर ५० टक्के ऑफ. आमच्या आईला आमवात आहे, आठवड्यातनं एकदा मेथोट्रेक्सेट घेते. तिच्या पेशी तिच्याच सांध्यांवर उठल्यात म्हणून डॉक्टर औषध देऊन त्यांना शांत करतायत, आणि ही बाई त्यांना पेटवायच्या गोळ्या विकतेय, डॉक्टरांना विचारा एवढंही म्हणाली नाही. इथे माझा आवाज चढला, ते मान्य करतो.

२०२५ चं मेडिसिनचं नोबेल नेमकं इम्युनिटीला शांत ठेवणाऱ्या पेशींसाठीच मिळालंय, मेरी ब्रँको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची. भाचीने समजावलं आणि मला आमचा शॉपफ्लोअरच दिसायला लागला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी पेशींचं इन्स्पेक्शन चालतं, आपलं गो-नोगो गेज, पास की बाद एवढंच सांगणारं. काहीच ओळखता येत नाही ती पेशी बाद, स्वतःच्याच शरीराला घट्ट धरते तीही बाद, शंभरातल्या जेमतेम दोन-चार पास होऊन बाहेर पडतात. आमच्याकडे एवढं रिजेक्शन झालं तर प्लँट बंद पडेल. तरी काही खराब माल निसटतोच. मग बाहेर, लाईनवर, फिरते इन्स्पेक्टर लागतात, ते म्हणजे रेग्युलेटरी टी पेशी. साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलं की उंदरातून या पेशी काढून टाकल्या तर त्याचं शरीर स्वतःवरच उलटतं. मग ब्रँको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये स्कर्फी नावाच्या आजारी उंदरांचा बिघडलेला जीन शोधला, फॉक्सपी३, तो नीट नसेल तर हे इन्स्पेक्टर तयारच होत नाहीत. त्या उंदरांची कातडी खपल्यांनी भरते, प्लीहा आणि गाठी सुजतात, नर काही आठवड्यांतच मरतात. सगळ्या टी पेशी फुल जोशात, थांबवणारं कोणी नाही. स्कोअर काढला असता तर ९५ आला असता बहुतेक.

या सगळ्याला नाव काय आहे माहितीय? इम्यून टॉलरन्स. टॉलरन्स! वीस वर्षं ड्रॉइंगवर टॉलरन्सचं, म्हणजे माप किती इकडे-तिकडे चालेल त्याचं, प्लस-मायनस बघतोय, शाफ्ट जाड झाला म्हणून चांगला झाला असं आजवर एकाही कस्टमरला सांगितलेलं नाही.

तर कोणाला घ्यायचंच असेल तर पॅकेज सोडा, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या टेस्ट तेवढ्या करा आणि घरी सॅम्पल द्यायचं असेल तर ते माकडटोपीवालं पोरगं मिळतं का बघा, सिडको-इंदिरानगर बाजूला सकाळचे स्लॉट त्याच्याकडे असतात. रिफंड मागितला होता, वय चुकवलं म्हणून. पैसे नाही दिले, ३०० चं कूपन दिलं, फक्त गमीजवर चालतं. ३१ तारखेपर्यंत व्हॅलिड आहे, कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा.