टपावरचे लूप: जूनची व्हीएचएफ स्पर्धा यागीशिवाय

यंदा एआरआरएल या अमेरिकेतल्या हौशी रेडिओ संघटनेच्या जूनच्या व्हीएचएफ (५० मेगाहर्ट्झ आणि वरच्या बँडांच्या) स्पर्धेत मी यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, घरीच ठेवली आणि गाडीच्या टपावर फक्त गोल लूप अँटेना लावून निघाले. ५० मेगाहर्ट्झसाठी एक लूप, १४४साठी एकावर एक दोन, मध्ये साधारण मीटरभर अंतर. संच एका लहान कारागिराकडून घेतलेला. नवरा गाडी चालवतो, मी शेजारी बसून बोलते आणि लॉग लिहिते.

शनिवारी दुपारी एकला इलिनॉयमधल्या कँककीच्या उत्तरेला ईएन६१ या ग्रिडमधून (नकाशावरच्या चौकोनातून) सुरुवात केली. मग हायवे ५७ने दक्षिणेला. शेबान्स गावाजवळ ४१ अंश अक्षांश ओलांडला की ईएन६०, आणखी खाली ८८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला गेलं की ईएन५०. तिथून पाँटियाक, आणि वर ड्वाइटपाशी ईएन५१. एक ग्रिड म्हणजे रेखांशाचे २ अंश आणि अक्षांशाचा १ अंश. इलिनॉयमध्ये ते साधारण १७० बाय १११ किलोमीटर भरतं. चार ग्रिड ज्या कोपऱ्यात भेटतात तो कोपरा इथे सपाट शेतांत आहे. या कोपऱ्याकडे पुढे परत येते, कारण सगळं भांडण तिथलंच आहे.

आधी अँटेना. व्हीएचएफवर एसएसबी या पद्धतीने आवाजात बोलणारे आडव्या ध्रुवणावर असतात, म्हणजे त्यांच्या लहरी आडव्या डोलतात. गाडीची नेहमीची उभी काठी वापरली तर सुमारे २० डेसिबल जातात, म्हणजे तुमचे १०० वॅट समोरच्याला १ वॅटसारखे ऐकू येतात. लूप म्हणजे वर्तुळात वाकवलेला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल: १४४चा जेमतेम ३३ सेंटिमीटर व्यासाचा, ५०चा जवळजवळ मीटरभर. ध्रुवण आडवं, आणि चारी दिशांना जवळपास सारखं ऐकतो. यागीसोबत आम्ही दर ग्रिडमध्ये थांबायचो, मास्ट उभा करायचो, ताण दोऱ्या बांधायचो, आणि वीस मिनिटं गेल्यावर पहिला संपर्क व्हायचा. यंदा ईएन६०ची हद्द ओलांडली आणि त्याच मिनिटाला १४४.२०० या हाक मारायच्या वारंवारतेवर नव्या ग्रिडमधून हाक मारली. तीन स्टेशनं एकदम आली. गाडी तेव्हा हायवेवर धावत होती.

यागीची ताकद यात नाही, हे स्पष्ट सांगते. विस्कॉन्सिनमधलं एक मोठं स्टेशन मला धावत्या गाडीत नीट कळत होतं, पण त्याला माझा ग्रिड तीनदा सांगावा लागला. थांबून यागी लावली असती तर एकदाच पुरला असता. १४४च्या दोन मजल्यांचा फायदा मात्र मला खरंच जाणवला. एकाच लूपवर मी मागे काम केलं आहे, तेव्हा असे कडेचे संपर्क निम्मे सुटायचे. ५०चा लूप उंचीअभावी अडतो: त्याच्यासाठी टपापासून निदान तीन मीटर हवेत, आणि धावत्या गाडीवर तेवढा खांब लावता येत नाही. तरी रविवारी सकाळी स्पोरॅडिक ई (वातावरणात उंचावर मधूनच तयार होणारा, लहरी दूरवर परतवणारा थर) उघडला तेव्हा फ्लोरिडा आणि टेक्सास याच बुटक्या लूपवर मिळाले, एकेका हाकेत.

एक दोष मोठा आहे. पाऊस. लूपची दोन टोकं अगदी जवळ असतात, त्या फटीत पाणी साठलं की धारिता वाढते आणि अनुनाद खाली सरकतो. रविवारी दुपारी सर आली आणि ५०वरचा एसडब्ल्यूआर (अँटेनाच्या जुळणीचं माप, १ उत्तम) १.३वरून २.८वर गेला, रेडिओने आपोआप पॉवर कमी केली. पेट्रोल पंपाच्या छताखाली थांबून कापडाने फट पुसली, मग पूर्ववत झालं. कारागिराने फटीवर टोपण द्यायला हवं होतं. या किमतीत ते अवघड नाही. कंसाचे नट वाऱ्याने सैल होतात, दर थांब्यावर आवळावे लागले. कोॲक्स केबलचा जोड चांगला आहे.

आता तो कोपरा. गेल्या वर्षी एका ओळखीच्या रोव्हरने (माझ्यासारखं गाडीतून ग्रिड बदलत खेळणाऱ्याने) सुचवलं की कोपऱ्याभोवती फिरत एकमेकांशीच बोलू, आणि मी हो म्हटलं. दोन गाड्या, चार ग्रिड. नियम असा की रोव्हर नव्या ग्रिडमध्ये गेला की त्याच्याशी पुन्हा संपर्क चालतो. माझे चार ग्रिड गुणिले त्याचे चार, म्हणजे १६ जोड्या, आणि प्रत्येक जोडीत चार बँड: ६४ संपर्क. ५० आणि १४४ला एकेक गुण, २२२ आणि ४३२ला दोन-दोन, म्हणून एका फेरीचे ६, सोळा फेऱ्यांचे ९६. या ९६ला गुणायचा गुणक म्हणून दर बँडला चार ग्रिड, अधिक मी जागे केलेले (जिथून मी बोलले ते) चार: २०. झाले १,९२० गुण, आणि दुसऱ्या कुणालाही आमचा आवाज ऐकू येण्याची गरज पडली नाही. १० गिगाहर्ट्झपर्यंतचे दहा बँड गाडीत असतील तर याच सोळा फेऱ्यांचं गणित १९,७१२पर्यंत जातं. म्हणूनच एका रोव्हरशी १०० संपर्कांची मर्यादा आली आणि ज्यांना ती नको त्यांच्यासाठी अनलिमिटेड रोव्हर हा वेगळा गट झाला.

आम्ही नियमातच होतो. चार बँडवाल्याला ती मर्यादा लागतच नाही, ६४वरच संपतं. पण त्या तीन तासांत आम्ही १४४.२००वर एकदाही बोललो नाही. स्पर्धेनंतर आयोवातला एक जण म्हणाला, ईएन५० त्याच्याकडे नव्हता आणि तो दुपारभर माझी वाट पाहत होता. मला ते फार लागलं. रोव्हरला ग्रिड जागा केल्याचा जादा गुणक मिळतो तो रिकाम्या ग्रिडमधून इतरांना काही देतो म्हणून, असं मी मानते. मर्यादा आकड्यात न ठेवता लॉगच्या हिश्शात ठेवावी: सोबतच्या गाडीशी झालेले संपर्क एकूण संपर्कांच्या चौथाईपेक्षा जास्त मोजू नयेत. मायक्रोवेव्हवाल्यांचं म्हणणंही मला पटतं. ५.७ गिगाहर्ट्झवर मोकळ्या प्रदेशात सोबतचा रोव्हर हाच एकमेव माणूस असतो, आणि त्यांनी ती उपकरणं स्वतः बांधलेली असतात. म्हणून २.३ गिगाहर्ट्झ आणि वरच्या बँडना चौथाईतून सूट असावी.

मोठे टॉवरवाले म्हणतात की फिरतीला जादा गुणक देणं हाच अन्याय आहे. हे मला मान्य नाही. त्यांच्या लॉगमध्ये ओसाड ग्रिडचे गुणक आमच्यासारख्यांच्या पेट्रोलवरच येतात.

एफटी८ या संगणकावरच्या मोडचंही सांगते, कारण लूप घेताना बरेच जण त्यासाठीच विचारतात. २०१७ला हा मोड आला आणि जूनमध्ये ५० मेगाहर्ट्झवरची बरीच मंडळी आता ५०.३१३वर बसलेली असतात. थांबलेल्या गाडीतून लूपवर एफटी८ छान चालतं. पण पंधरा पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत एक संपर्क मिनिटभर घेतो, आणि ग्रिडच्या हद्दीजवळ ते मिनिट फार महाग पडतं. मी दर तासाला दहा मिनिटं तिथे दिली, बाकी वेळ आवाजावर.

यंदाच्या लॉगमध्ये ११८ संपर्क आहेत आणि ६३ वेगवेगळे कॉलसाइन (स्टेशनांची ओळख-नावं). गेल्या वर्षी १३१ होते, त्यातले ६४ एकाच माणसाशी. तुम्ही बहुतेक वेळ थांबून काम करणार असाल तर यागीच घ्या. चाकं फिरत असताना बोलायचं असेल तर हा संच घ्या, फटीसाठी टोपण मात्र स्वतः करा. मी जुन्या डब्याच्या झाकणातून केलं आहे, सप्टेंबरच्या पावसात कळेल.

आयोवावाल्याला मी यंदा शनिवारी संध्याकाळी ईएन५०मधून १४४वर हाक मारली. त्याने लगेच ओळखलं, आणि दुसऱ्या वाक्यात ४३२वर यायला सांगितलं.