घाण्याचं करडई तेल: भाकरीवर दहापैकी नऊ, कढईत चार

सोलापुरात 'लाकडी घाणा' अशी पाटी आता जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत कुठेही दिसते. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, खोबरं, तीळ अशी सगळी तेलं तिथे मिळतात आणि बहुतेक पाट्यांवर 'हृदयासाठी उत्तम' लिहिलेलं असतं. इथे फक्त करडईचं बघू. एकतर ते या मातीतलं तेल, आणि दुसरं म्हणजे बियांच्या तेलांतल्या ओमेगा-६ चरबीने अंगात दाह होतो असा हल्ली जो गदारोळ चालू आहे, त्यात सगळ्यात जास्त ओमेगा-६ असलेलं तेल हेच.

आधी चव. ताजं घाण्याचं करडई तेल सोनेरी पिवळं असतं, वासाला हलकं आणि शेवटाला किंचित कडसर. कडक भाकरी मोडून तिच्यावर शेंगाची चटणी आणि चटणीत खड्डा करून चमचाभर कच्चं तेल, हा त्याचा खरा उपयोग. उखळात कुटलेल्या चटणीला शेंगदाण्याचं तेल सुटलेलंच असतं, तरी वरून करडईचं घातलं की तिखटाची धार कमी होते आणि कोरडी भाकरी घशाखाली सहज उतरते. इथे रिफाइंड तेल घातलं तर नुसता ओशटपणा येतो, चव काही येत नाही.

कढईत मात्र या तेलाची गंमत जाते. न गाळलेलं, न शुद्ध केलेलं करडई तेल ११० अंशांच्या आसपासच धुरायला लागतं. भजी तळायला १७० ते १८० अंश लागतात. म्हणजे पहिली भजी पडायच्या आत तेल जळायला लागलेलं असतं. त्यात गाळ राहिला असेल तर फेस येतो, कढईच्या कडेला चिकट थर धरतो आणि भजी काळपट निघतात. तेच करडई तेल रिफाइंड असेल तर २५० अंशांच्या पुढेही टिकतं. तरी लिनोलिक आम्ल (म्हणजे तेलातलं ओमेगा-६) ७० टक्क्यांच्या वर असलेलं कुठलंही तेल पुन्हापुन्हा तापवायच्या कामाचं नाही. त्याचं ऑक्सिडेशन लवकर होतं. तळणाला शेंगदाणा तेल बरं, कारण त्यात ओलिक आम्ल निम्म्याच्या आसपास असतं.

आता तब्येतीचं. 'बियांच्या तेलाने अंगात दाह होतो' हे मोबाईलवर फिरणारं वाक्य माणसांवरच्या प्रयोगांत टिकलेलं नाही. लिनोलिक आम्ल वाढवल्यावर दाहाचे निर्देशक वाढलेले दिसत नाहीत. तूप किंवा वनस्पती तुपाच्या जागी असं तेल आलं तर एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल उतरतं, हे पक्कं आहे. पण करडईच्या विरोधातला सगळ्यात गाजलेला पुरावाही करडईचाच आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. सिडनीत १९६६ ते १९७३ दरम्यान हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. एका गटाला संपृक्त (लोणी-तुपासारख्या) चरबीऐवजी करडईचं तेल आणि करडईचं मार्जरीन, म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं, दिलं. राहून गेलेली आकडेवारी २०१३ मध्ये बाहेर आली तेव्हा करडईच्या गटात मृत्यू १७.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के निघाले. टीकाकार म्हणतात, त्या काळच्या मार्जरीनमध्ये ट्रान्स फॅट असायचं, दोष त्याचा असू शकतो. आपल्या कामाची गोष्ट मात्र मात्रेची आहे. त्या गटाच्या आहारात लिनोलिक आम्लाचं लक्ष्य एकूण ऊर्जेच्या १५ टक्क्यांच्या आसपास होतं. २००० कॅलरींच्या हिशेबाने ते नुसत्या करडई तेलातून घ्यायचं तर रोज ४५ ग्रॅम तेल लागेल. भाकरीवरचे दोन चहाचे चमचे म्हणजे ९ ग्रॅम, त्यातून जेमतेम ३ टक्के. तेव्हा चटणीवर तेल घेणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. सगळा स्वयंपाक करडईवर करून वर कारळाची चटणी खाणाऱ्याने मात्र जरा थांबावं, कारण कारळही ओमेगा-६चंच. त्याऐवजी ताटात जवसाची चटणी ठेवा. दोन चमचे कुटलेल्या जवसातून ओमेगा-३चं अल्फा-लिनोलेनिक आम्ल साधारण दीड ग्रॅम मिळतं.

'रिफाइंड म्हणजे विष' ही घाणेवाल्यांची जाहिरातही अर्धीच खरी. रिफायनरीत हेक्झेन या द्रावकाने तेल काढतात, कॉस्टिक सोड्याने आम्लता घालवतात, मातीने रंग उतरवतात आणि २०० अंशांच्या वर वाफेने वास काढतात. हेक्झेन त्या शेवटच्या पायरीत बहुतेक उडून जातं. चव आणि काही ई जीवनसत्त्व जातं, तसा शेंगदाण्यातल्या बुरशीचा अफ्लाटॉक्सिन हा विषारी घटकही मोठ्या प्रमाणात जातो. घाण्यात तो जात नाही. म्हणून घाण्याचं शेंगदाणा तेल घेताना तेलाआधी दाणे बघा: सुरकुतलेले, काळवंडलेले, कडवट दाणे निवडून बाजूला काढतात की सरसकट ओततात? सरसकट ओतत असतील तर दुसरं दुकान बघा. करडईला हा धोका कमी.

दुकानातली तपासणी. पाटी लाकडी घाण्याची आणि आत लोखंडी एक्स्पेलर (स्क्रूने दाबून तेल काढणारं यंत्र), हा प्रकार सर्रास चालतो. लाकडी उखळ आणि त्यात संथ फिरणारी लाट डोळ्यांनी दिसली पाहिजे. घाण्याची पेंड जाड, भुसभुशीत खपल्यांची निघते. एक्स्पेलरची पातळ, कडक आणि वाकलेली. घाण्याचं तेल हाताला कोमट लागतं. घाण्यात पेंड बांधावी म्हणून पाण्याचा हबका मारतात, ते पाणी तेलात राहिलं तर तेल लवकर खवटतं. चमचाभर तेल तापवा, तडतडलं तर पाणी आहे. गाळ बसायला दोन-तीन दिवस दिलेलंच तेल घ्या.

भावाचा हिशेब दुकानात उभ्या उभ्या होतो. करडईच्या बियात तेल ३० टक्क्यांच्या आसपास, पण टरफल कठीण असल्याने घाण्यात सगळं निघत नाही. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम; त्याला साडेतीन ते चार किलो बी जातं. बी किलोला ७० रुपये धरलं तरी नुसत्या बियाचे अडीचशे ते पावणेतीनशे झाले. पेंडीचे पैसे वजा करा, घाणाई मिळवा. याच्या खूप खाली कुणी लिटर देत असेल तर त्यात दुसरं काहीतरी आहे. शेंगदाण्याला लिटरमागे सव्वादोन ते अडीच किलो दाणे धरा. करडईतल्या भेसळीची घरगुती खूण एवढीच: छोट्या बाटलीत तेल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. करडई पातळच राहते. खाली पांढरा घट्ट थर बसला तर पाम असण्याची शक्यता मोठी. सोयाबीन किंवा सूर्यफूल मिसळलं असेल तर ते याने कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. सुट्टं खाद्यतेल विकायला कायद्याने मनाई आहे, म्हणून बाटलीवर १४ आकडी परवाना क्रमांक आणि तेल काढल्याची तारीख बघून घ्या.

पर्यावरणाच्या बाजूने या तेलाला पैकीच्या पैकी द्यावेसे वाटतात. करडई पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, काळ्या रानातल्या ओलीवर. मुळं खोल जातात आणि पाण्याची पाळी बहुधा लागत नाही. उसापायी पाणी उपसणाऱ्या जिल्ह्यात ही मोठी गोष्ट आहे. मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी घालायचे, काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. भीमासारखं वाण सोलापुरातल्याच संशोधनातून आलं. तरी पेरा घटत गेला, कारण त्याच काट्यांमुळे काढणीला मजूर मिळत नाहीत. पर्यावरणाच्या बोलण्यात पामचं नाव निघतंच. त्यावर जंगलतोडीचा डाग आहे हे खरं, पण हेक्टरी पाम तेल सोयाबीनच्या कित्येक पट निघतं. सगळ्यांनी पाम सोडून सोयाबीन धरलं तर जमीन आणखी जास्त लागेल. बिस्किटं, वेफर, फरसाण यांतून पोटात जाणारं पाम कमी करणं जास्त सोपं.

किती घ्यावं? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२०च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला रोज २५ आणि बाईला २० ग्रॅम वरचं तेल-तूप आहे. चौघांच्या घराला महिन्याला सगळी तेलं मिळून तीन लिटर पुष्कळ झाली. त्यात करडई एक लिटर, बाकी शेंगदाणा. पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, निम्मा संपेपर्यंत उरलेला खवटतो. नवं बी फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, तेव्हाचं तेल सगळ्यात चांगलं. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, गॅसपासून लांब, अंधारात ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा. नवं तेल जुन्याच्या तळावर ओतू नका. बरणी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच भरा.