रेड-ब्लॅक ट्री की स्किप लिस्ट: स्वतः लिहायची वेळ आली तर

सी++ किंवा जावात काम करत असाल तर ही निवड तुमच्यापुढे सहसा येतच नाही. तिथला तयार मॅप (किल्ली दिली की तिच्याशी जोडलेली माहिती शोधून देणारी रचना) उचलायचा आणि पुढे जायचं. आत बहुधा रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे नोडना लाल-काळे रंग देऊन तोल सांभाळणारा शोध-ट्री, असतो आणि त्यासाठीचा घाम दुसऱ्या कुणीतरी गाळलेला असतो. पंचाईत होते ती सी, गो किंवा जावास्क्रिप्टमध्ये. किल्ल्या क्रमाने लावून ठेवणारा मॅप तिथल्या मूळ लायब्ररीत नाही, आणि बाहेरचं पॅकेज घ्यायला कधी मन तयार नसतं तर कधी साहेब. मी दोन्ही रचना हाताने लिहिल्या आहेत. आधी रेड-ब्लॅक ट्री लिहिला, मग तो काढून त्याच जागी स्किप लिस्ट बसवली, म्हणजे क्रमाने लावलेली लिंक्ड लिस्ट, जिच्या वरच्या मजल्यांवरून लांब उड्या मारत पुढे जाता येतं. त्यामुळे पुढचं सगळं त्या अनुभवाच्या चष्म्यातून आहे.

एन नोड असतील तर शोधायला साधारण लॉग एन पावलं, ही गोष्ट दोघांचीही सारखीच, ती सोडून देऊ.

कागदावर मला रेड-ब्लॅक ट्रीबद्दल वाईट शब्द ऐकवत नाही. बायरने 1972 मध्ये मूळ रचना मांडली, गिबास आणि सेजविक यांनी 1978 मध्ये तिला रंग दिले. मुळापासून पानापर्यंत कुठूनही उतरा, काळे नोड सारखेच भेटणार. लागोपाठ दोन लाल चालत नाहीत. म्हणजे सर्वांत लांब वाट सर्वांत आखूड वाटेच्या दुपटीच्या पुढे जाऊच शकत नाही. उंची 2 लॉग (एन+1) च्या आत. फळ्यावर पाच मिनिटांत सिद्ध होतं, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘अरे, एवढंच?’ उमटतं.

विल्यम पग यांच्या स्किप लिस्टचा हिशेबही तितकाच देखणा आहे, फक्त तो उलटा चालवावा लागतो. सापडलेल्या नोडवरून मागे निघायचं. या नोडला वरचा मजला आहे का? नाणं टाकूनच मजले ठरलेले, म्हणजे शक्यता निम्मी. असेल तर वर चढा, नसेल तर एक घर डावीकडे सरका. एक मजला चढायला सरासरी दोन पावलं, मजले साधारण लॉग एन, झाला हिशेब. रंग नाहीत, केस नाहीत. 1990 च्या आपल्या लेखाच्या शीर्षकातच पग यांनी ही रचना संतुलित ट्रींना पर्याय म्हणून मांडली होती.

कागदावर बरोबरी आहे म्हणा हवं तर. माझं घोडं अडलं ते डिलीटपाशी.

रेड-ब्लॅक ट्रीतून काळा नोड काढला की घरात वाटणीचा वाद सुरू होतो. भाऊ लाल आहे का? काळा असेल तर दोन्ही पुतणे काळे का? जवळचा पुतण्या लाल आणि लांबचा काळा असेल तर आधी एक रोटेशन (आई-बाप आणि मुलाच्या जागा फिरवणं), लांबचा लाल असेल तर दुसरं. अशा चार केस, आणि मग त्या सगळ्या आरशात धरून पुन्हा चार. आरशातल्या चार कुणी विचार करून लिहीत नाही. कॉपी करायचं, डाव्याचं उजवं करायचं. मीही तेच केलं आणि शेवटच्या केसमध्ये एका ठिकाणी बदल राहिला. लांबच्या पुतण्याला काळं करायचं होतं, मी जवळच्याला केलं.

यात वैताग असा की हे कळतच नाही. रंग चुकले तरी क्रम चुकत नाही. शोध लागतो, छापून पाहिलं तर यादी चढत्या क्रमाने येते, सगळ्या टेस्ट हिरव्या. आमच्याकडे त्या ट्रीत टायमर ठेवलेले असायचे आणि काढायचा नोड बहुतेक वेळा सर्वांत लहान, म्हणजे सर्वांत डावीकडचा. त्यामुळे आरशातला भाग चालायचाच नाही. कुणी मधलाच टायमर रद्द केला तरच त्यातल्या एखाद्या केसची पाळी यायची. कित्येक महिन्यांनी प्रोग्राम कोसळला तो भलत्याच डिलीटमध्ये, कारण नियमाने जिथे भाऊ असायलाच हवा तिथे कुणी नव्हतं. चूक एका ठिकाणी, प्रेत दुसऱ्या ठिकाणी. दोन रात्री गेल्या.

स्किप लिस्टमध्ये डिलीट म्हणजे शोधच. जाताना प्रत्येक मजल्यावर आपण कुठून खाली उतरलो ते लिहून ठेवायचं, आणि नोड सापडला की ते पॉइंटर त्याच्या पलीकडे जोडायचे. कॉलेजात लिंक्ड लिस्टमधून नोड काढतो तेच, चार-पाच मजल्यांवर. माझं बदलीचं काम एका दुपारी संपलं. वेग मी नीट मोजला नाही, वापरणाऱ्या कुणाला फरक जाणवला नाही एवढंच सांगू शकतो.

पुढे ‘हा टायमर कितवा’ असं विचारायची गरज पडली. ट्रीत त्यासाठी प्रत्येक रोटेशनला उपट्रीचे आकडे सांभाळावे लागले असते. इथे प्रत्येक पॉइंटरवर तो किती नोड ओलांडतो तेवढं लिहिलं. रेडिस या डेटाबेसच्या सॉर्टेड सेटमध्ये क्रमांक असाच निघतो. तिथे मजला वाढण्याची शक्यता निम्म्याऐवजी पाव ठेवली आहे, म्हणजे प्रत्येक नोडला पुढे जाणारे सरासरी 1.33 पॉइंटर, त्यामुळे मेमरीची तक्रारही फारशी उरत नाही.

आता दुसरी बाजू. स्किप लिस्टही गुपचूप बिघडू शकते. मजला ठरवणारं फंक्शन कायम एकच उत्तर देऊ लागलं तर तुमच्या हातात साधी लिंक्ड लिस्ट उरते, आणि तीही उत्तरं बरोबरच देते. फरक इतकाच की संशय घ्यायला जागा तीन ओळींची आहे. हमी मात्र सरासरीची, प्रत्येक वेळची नाही. ‘अमुक वेळेच्या वर कधीच जाता कामा नये’ अशी अट असेल तर माझं ऐकू नका. लिनक्स कर्नलमध्ये ठिकठिकाणी रेड-ब्लॅक ट्री आहे ते उगाच नाही. नोडचा आकारही तिथे ठरलेला असतो, प्रत्येकाचे मजले वेगळे ही भानगड नाही. उलट जावाने ट्रीमॅप रेड-ब्लॅक ठेवला, पण अनेक थ्रेडसाठी क्रमवार मॅप द्यायची वेळ आली तेव्हा स्किप लिस्ट घेतली.

मधले पर्यायही आहेत. सेजविक यांची 2008 ची रेड-ब्लॅक ट्रीची डावीकडे झुकणारी आवृत्ती इन्सर्टपुरती फार सुरेख आहे. डिलीटला माझी गाडी पुन्हा तिथेच रुतली. अरागॉन आणि सायडेल यांचा ट्रीप (प्रत्येक नोडला यादृच्छिक प्राधान्य देऊन तोल सांभाळणारा ट्री), रिकर्शन हातात बसलं असेल तर, कदाचित स्किप लिस्टहूनही छोटा होतो. तो कुणी निवडला तर मी वाद घालणार नाही.

आणि रेड-ब्लॅकच लिहायचं ठरलं असेल, तर डिलीटच्याही आधी एक तपासनीस फंक्शन लिहा: लागोपाठ दोन लाल दिसले की ओरडणारं, आणि डाव्या-उजव्या बाजूचे काळे नोड मोजून सारखे नसले तरी ओरडणारं. दहा-बारा ओळी होतात. टेस्टमध्ये यादृच्छिक किल्ल्या काढत राहा आणि प्रत्येक डिलीटनंतर ते चालवा. मी ते लिहिलं दुसऱ्या रात्री, पहाटे तीनला.