१ ते १४ सामूच्या पट्ट्या : कशाला घ्याव्यात, कशाला नाही

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते ती सामूच्या (पीएच) पट्ट्यांची पुस्तिका. सामू म्हणजे द्रव किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा: ७ उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. पट्टीचा रंग पुस्तिकेवरच्या रंगांशी जुळवून तो वाचायचा. साफसफाईची रसायनं पारखायला जरूर घ्या. आरओचं पाणी तपासायला घेत असाल तर पैसे पाण्यात.

पट्टी बाटलीत बुडवू नका, तिचा रंग द्रवात उतरतो. काचेच्या कांडीने एक थेंब पट्टीवर ठेवा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत रंग जुळवा. पट्टी वाळली की रंग बदलतो, तो धरायचा नाही. जुळवणी दिवसाउजेडी करा. पिवळ्या दिव्याखाली ६ आणि ७ सारखेच दिसतात. पावडर असेल तर अर्धा चमचा अर्ध्या कप पाण्यात विरघळवून घ्या.

लेबल निघालेल्या डब्यात खायचा सोडा आहे की धुण्याचा, या प्रश्नाला पट्टी चोख उत्तर देते. खायचा सोडा ८ च्या आसपास, हिरवट. धुण्याचा ११ च्या पुढे, गडद निळा-जांभळा. सायट्रिक ॲसिड २ च्या जवळ, लालभडक. मात्र साखर आणि मीठ दोन्ही ७ च्या आसपासच राहतात, त्यामुळे अनोळखी पावडर निव्वळ पट्टीवरून ओळखू नये. खाण्यासाठी तर नाहीच.

ब्लीचच्या द्रावणाने पट्टी क्षणभर निळी होते आणि लगेच पांढरी पडते. पट्टी खराब नाही. ब्लीचमधलं हायपोक्लोराइट तिचा रंगच उडवतं. पहिला रंग तेवढा खरा. तो दिसला की ते द्रावण संडासाच्या ॲसिडपासून लांब ठेवा, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पट्टीतला रंग धड बदलतच नाही. दिसतो तो बहुतेक कागदाचाच मूळ रंग, आणि ‘मशीन ॲसिड देतंय’ अशी तक्रार सुरू होते. बिचारं मशीन.

मातीसाठी २० ग्रॅम माती ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास अधूनमधून ढवळा, गाळ बसू द्या आणि वरच्या नितळ पाण्याचा थेंब घ्या. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी आणि देशावरची काळी ८ कडची, एवढा फरक कळतो. मातीचं आम्ल कमी करायला चुना किती टाकायचा ते यावरून ठरवू नका. पट्टी एका अंकाने सहज चुकते, आणि एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. कोकम, हळद असल्या रंगीत द्रवांवर ती निरुपयोगी.

पुस्तिकेपेक्षा घट्ट झाकणाच्या डबीतल्या पट्ट्या घ्या. ॲसिड किंवा अमोनियाच्या वाफेनेही कोऱ्या पट्ट्या रंग बदलतात, म्हणून बाथरूमच्या कपाटात ठेवू नका.